लेकीला बालवाडीची बाई व्हायचंय: घरून शिकू द्यावं की नागपूरला पाठवावं?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्यात घरोघरी तेच बोलणं सुरू होतं. कोणाची पोरगी नर्सिंगला, कोणाची बीएस्सीला, कोणी डीएडचं विचारतंय. आणि एखाद्या घरात लेक हळूच म्हणते, "मले लहान लेकरायले शिकवायचं हाये. बालशिक्षणाचं शिकायचं हाये." घर जरा गप्प होतं. मग आजी नाहीतर मामा बोलतातच, "लेकरं सांभाळाले डिग्री कायले लागते वं?"

त्यावर पोरगी वाद घालत नाही. ताटातलं संपवते आणि उठून जाते. मैत्रीण नर्सिंगला निघाली की सगळे तिचं कौतुक करतात. हिला मात्र असं काही शिक्षण असतं, हेच आधी घराला पटवून द्यावं लागतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ते फार एकटं वाटतं. माझ्याही घरात ही चर्चा झाली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

बरं, ते पटलं तरी पुढचा प्रश्न उभाच. दूरस्थ पद्धतीनं घरून करायचं, की नागपूर-अमरावतीला राहून कॉलेजात?

खरं सांगू का, हा प्रश्न आपण आई-बाप विचारतो तेव्हा मनात भलतंच चालू असतं. होस्टेलात कोण असेल, आजारी पडली तर कोण बघेल, सायंकाळची बस चुकली तर काय, फी कुठून आणायची, आणि शेजारचे काय म्हणतील. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात लग्नाचा विचार. यातली एकही काळजी खोटी नाही. फक्त आपण ती तिच्यापुढे मांडत नाही. त्याऐवजी म्हणतो, "अगं, घरूनही होतं ना आता सगळं!" तिला खरं कारण कळतंच. ते आपण बोललो नाही, याचं तिला जास्त लागतं.

म्हणून पहिलं एवढंच सुचवेन की काळजी तिला सरळ सांगा. "तुझ्यावर भरवसा आहे, पण मला रात्री झोप येणार नाही," असं म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. पण मुलीला हे कळतं, आणि ती त्यावर उपायही सुचवते.

आता शिक्षणाकडे येऊ. तीन वर्षांचं लेकरू पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या दारात रडतंय, आईचा पदर सोडत नाही. अशा वेळी बाईनं काय करायचं, यावर पुस्तकात चांगलं प्रकरण असतं. पण त्या लेकराजवळ किती वेळ बसायचं, त्याला उचलून घ्यायचं की नुसतं शेजारी खेळत राहायचं, आईला केव्हा जा म्हणायचं, हे प्रत्यक्षातच उमगतं. आपल्याकडे संत्र्याच्या नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात, तसंच हे आहे. कृती सगळ्यांना तोंडपाठ असते, पण सुरी किती खोल जाऊ द्यायची, ते जाणत्या माणसाच्या शेजारी बसून हातालाच कळतं.

बालशिक्षणाचा आपल्या महाराष्ट्रातला पायाच अशा शेजारी बसून शिकण्यातून घातला गेला आहे. ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. मानाची नोकरी होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि त्यांच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये वर्षानुवर्षं राबल्या. एवढ्या शिकलेल्या बाईलाही जावं लागलं, कारण ते काम तिथे चाललं होतं. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना दिसलं की गरीब पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि पुढे कोसबाडला गेलेलं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं.

मला ताराबाईंच्या या एका आयुष्यात आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. शिकायला घर सोडून जावं लागतं, हेही खरं. आणि ज्याला येता येत नाही त्याच्या अंगणात शाळेनं जावं, हेही खरं. दूरस्थ शिक्षण म्हणजे विद्यापीठानं आपल्या अंगणात येणं. ते कमी दर्जाचं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पण अंगणात मुलं असली पाहिजेत.

माझं मत विचाराल तर सगळा निर्णय इथेच आहे. तुमच्या लेकीच्या रोजच्या दिवसात लहान मुलं आहेत का? आणि तिचं काम बघून "असं नको, असं कर" म्हणणारी एखादी अनुभवी बाई आहे का? दोन्ही असेल, तर दूरस्थ अभ्यासक्रम तिला खूप देईल. यातलं काहीच नसेल, तर अठराव्या वर्षी नुसत्या पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत तिला घरी बसवू नका. तिला माणसांत पाठवा.

दूरस्थ म्हणजे नेमकं काय, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, उदाहरण घेते. तिथे बारावीनंतर बालसंगोपन आणि बालशिक्षणाची एक पदविका आहे, तिला डीईसीई म्हणतात. किमान एक वर्षाची, पण सावकाश पूर्ण करायची मुभा. बालसंगोपन सेवा कशा उभ्या करायच्या, मुलांचं आरोग्य आणि पोषण, विशेष गरजा असलेली मुलं, असे तीन विषय आणि चौथं प्रकल्पकार्य. पुस्तकं घरी येतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. ही पदविका आहे, पदवी नव्हे. मुलीला पुढे पर्यवेक्षिका किंवा त्यावरच्या कामाकडे जायचं असेल तर सहसा पदवी लागते, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

प्रकल्पकार्यापाशी थोडं थांबते, कारण पोरी इथेच अडतात. मुलांमध्ये जाऊन काहीतरी करायचं आणि ते लिहायचं, असं त्याचं स्वरूप असतं. घाईच्या दिवसांत कोणाचा तरी जुना प्रकल्प उतरवून काढायचा मोह होतो आणि आपणही "होऊ दे एकदाचं" म्हणून डोळेझाक करतो. पण अख्ख्या अभ्यासक्रमात तिला मुलांपर्यंत नेणारा भाग तोच आहे. तो उतरवून काढला तर हाती फक्त कागद राहतो.

त्यासाठी गावातल्या अंगणवाडीताईशी बोला. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयातून रीतसर परवानगी घेता येईल का, ते विचारा. आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी मुलीला तिथे बसू द्या. सोबत एक वही द्या. आज कोण रडलं, कोण पहिल्यांदा बोललं, कोणत्या खेळात सगळे रमले, कोणी खाऊ तसाच ठेवला, हे तिनं लिहावं. जेवताना तुम्ही नुसतं विचारा, "आज काय झालं गं अंगणवाडीत?" परीक्षेच्या गुणांइतकंच हे विचारलं, तर तिलाही कळेल की आपण तिचं काम मोलाचं मानतो.

दूरस्थ शिक्षणाची एक अडचण विद्यापीठाच्या हातात नाही. ती आपल्या घरातच आहे. मुलगी कॉलेजात गेली की दिवसाचे सहा तास तिचे असतात. घरी शिकणारी मुलगी "घरीच तर आहे" होते. पाहुणे आले, चहा टाक. मजूर मिळाला नाही, कापूस वेचायला चल. आजीला दवाखान्यात ने, धाकट्याचा अभ्यास घे. आपण मुद्दाम करत नाही. दमलेलो असतो, आणि समोर दोन मोकळे हात दिसतात. पण वर्ष सरतं, स्वाध्यायाची तारीख निघून जाते, आणि मग आपणच म्हणतो, "हिचं लक्षच नव्हतं अभ्यासात."

म्हणून घरून शिकवायचं ठरलं तर वेळ ठरवा. सकाळचे तीन तास म्हणजे तीन तास. त्या वेळात ती कॉलेजात आहे असंच समजायचं. हे घरातल्या पुरुषांनी आणि आजींनी दोघांनीही पाळलं तरच टिकतं. एकट्या आईनं पोरीची बाजू घेत राहायची, हे फार दिवस चालत नाही.

आता कॉलेजचं बघू. आपलं कारंजा नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, दोन्ही शहरांच्या जवळपास मधोमध. इकडे 75-80 किलोमीटर, तिकडेही तेवढंच. म्हणजे रोजचं अपडाऊन धरलं तर दिवसाचे चारेक तास रस्त्यातच. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तो आधार मोठा आहे. पण तिकिटाचे पैसे वाचतात, थकवा कमी होत नाही. सकाळी अंधारात निघून रात्री परतणारी मुलगी वर्षभरात कंटाळते. जमलं तर होस्टेलच बघा.

नागपूरला गृहविज्ञानाची पदवी आहे. एलएडी कॉलेज म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या संस्थेचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे. गृहविज्ञानात मानव विकास हा विषय असतो, आणि बाळाच्या वाढीपासून बालशाळेपर्यंतचं सगळं त्यात येतं. जुन्या गृहविज्ञान महाविद्यालयांत या विभागाला जोडून एखादी बालवाडी असते, विद्यार्थिनी तिथे निरीक्षण करतात, शिकवतात. कोणत्याही कॉलेजात प्रवेशाआधी जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. "तुमच्या मुली लहान मुलांमध्ये आठवड्यातून किती वेळ असतात? बालवाडी कुठे आहे? आम्हाला दाखवा," असं स्पष्ट विचारा. बालवाडी नसेल, जवळच्या कोणत्या शाळेत पाठवतात तेही सांगता येत नसेल, तर एवढं घर सोडून तिला तिथे काय मिळणार?

होस्टेलातला पहिला महिना अवघड जातो. मेसची भाजी गोड लागते, रात्री घर आठवतं, वर्गात शहरातल्या मुली भराभर बोलतात आणि आपली वऱ्हाडी बोलायला हिला संकोच वाटतो. फोनवर ती रडली की आपला जीव कासावीस होतो आणि तोंडून निघून जातं, "ये मग परत, राहू दे." त्या रात्री तिला एवढंच ऐकायचं असतं की आई-बाबा ऐकताहेत. दुसऱ्या दिवशी ती ठीक असते, आपण मात्र आठवडाभर जागे. आणि तिची वऱ्हाडी ही तर तिची ताकद आहे. उद्या ज्या लेकरांना ती शिकवणार, त्यांच्या घरची भाषा हीच आहे. तिच्या तोंडून ती ऐकली की ती लेकरं लवकर मोकळी होतील. हे तिला फोनवर नक्की सांगा.

पैशाचं बोलायलाच हवं. आपल्याकडे ॲडमिशनची तारीख आणि पेरणी एकाच पंधरवड्यात येते. बियाणं, डीएपी, ट्रॅक्टर, आणि त्यातच कॉलेजची फी. अनेक मुलींचं शिक्षण त्या पंधरवड्यातच अडकतं, आणि बापाला ते कोणाला सांगताही येत नाही. इग्नूचा प्रवेश वर्षातून दोनदा असतो, जुलै आणि जानेवारी. कापूस विकून, आंबिया बहाराचा सौदा होऊन हातात थोडे पैसे आले की जानेवारीत फॉर्म भरता येतो. सहा महिने थांबणं म्हणजे वर्ष वाया जाणं नाही. त्या सहा महिन्यांत अंगणवाडीत बसून तिचं निम्मं शिक्षण झालेलं असेल.

होस्टेलच्या खर्चासाठी सरकारी योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुला-मुलींसाठी स्वयम, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली आहे. प्रत्येक योजनेला अटी आहेत, कोणत्या अभ्यासक्रमाला काय लागू पडतं ते कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मात्र निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर जी गर्दी होते, ती सगळ्यांना माहीत आहे.

दूरस्थ आणि कॉलेज या दोन्हींच्या मधली एक वाट फार कमी जणांना ठाऊक आहे. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, एक कॉलेजात बसून आणि दुसरा दूरस्थ. म्हणजे मुलगी तालुक्यातल्याच कॉलेजात बीए करू शकते, शक्य असेल तर गृहअर्थशास्त्र घेऊन, आणि सोबत बालशिक्षणाची पदविका दूरस्थ पद्धतीनं. कॉलेजात मैत्रिणी मिळतात, पदवी हाती येते, आणि सकाळ अंगणवाडीत जाते. ज्या घरातून मुलीला नागपूरला पाठवणं खरंच शक्य नाही, त्यांनी ही वाट आधी बघावी. तिच्यावर ओझं होणार, हेही मान्य करू. दोन परीक्षा एका महिन्यात आल्या तर ती चिडेल, रडेल. तेव्हा घरकामातून तिला मोकळं करणं आपल्या हातात असतं.

मान्यतेच्या बाबतीत मात्र कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे खरं. पण ती मान्यता अभ्यासक्रमागणिक असते आणि नियम बदलतात. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, अन्न आणि पोषण असे काही विषय दूरस्थ पद्धतीनं शिकवायला आयोगानं बंदी केली. जवळचेच विषय हे. म्हणून प्रवेश घेण्याच्या महिन्यातच आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत नाव बघा. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची (एनसीटीई) दोन वर्षांची डीपीएसई ही पूर्वप्राथमिक पदविका तर वर्गात बसूनच करायची असते. ती कोणी घरबसल्या देतो म्हणाला, तर तिथून परत या. एनटीटी किंवा मॉन्टेसरी नावानं पाटी लावलेल्या खासगी वर्गात पैसे भरण्याआधीही तेच विचारा: प्रमाणपत्रावर कोणाची मान्यता?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया मानला. अंगणवाडी सेविकांसाठी त्यात सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे, तीही मोबाइल-टीव्हीवरून, काम न सोडता. पण त्यातही महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असं लिहिलं आहे. लाखो सेविका जिथे आधीच मुलांमध्ये आहेत, तिथेही प्रत्यक्ष भेट सुटलेली नाही.

आणि आपला जिल्हा तर या विषयात पाहुणा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, आली, आणि पुढे सेवाग्रामला शांताबाई नारुळकरांनी लहान मुलांची पूर्व-बुनियादी शाळा चालवली. आज तिथे आनंद निकेतन शाळा आहे. एखाद्या दिवशी लेकीला सेवाग्रामला घेऊन जा. जिल्ह्यातलीच वाट आहे. शाळेची परवानगी घेऊन थोडा वेळ मुलांचं काम बघता आलं, तर घरी येताना ती काय बोलते ते ऐका. दूरस्थ की कॉलेज, याचं अर्धं उत्तर तिच्या त्या बोलण्यात मिळेल.

नोकरीचं खोटं चित्र तिच्यापुढे रंगवायला नको. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं, खासगी नर्सरीत पगार कमीच असतो. सेविकेच्या पदासाठी आता बारावी लागते आणि त्याच गावची रहिवासी असावी लागते. म्हणजे उद्या लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तर इथल्या पदाची आशा सोडावी लागेल. पदवी असेल तर पर्यवेक्षिका, संस्थांची कामं, स्वतःची बालवाडी, असे रस्ते उघडे राहतात. हा हिशोब तिच्यासोबत बसून करा, तिच्या मागे नको.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. दूरस्थ अभ्यासक्रम पुष्कळदा "लग्न होईपर्यंत काहीतरी" म्हणून दिला जातो, आणि मुलीला ते समजतं. पण खरं तर लग्नानंतर शिक्षण चालू ठेवायला याच्याइतकी सोयीची पद्धत दुसरी नाही. म्हणून बोलणी करताना जशी आपण जमीन, नोकरी, मानपान विचारतो, तसंच सरळ विचारा: हिची दोन वर्षं राहिली आहेत, ती पूर्ण होईपर्यंत सकाळचा वेळ तिचा असेल का, आणि परीक्षेला नागपूरला कोण घेऊन जाईल? उत्तर देताना समोरचे अडखळले, तर घाई करू नका.